मुकुट कधी घ्यावा

लिहून पोट भरायचं असं ठरवून एक मुलगी मुंबईची नोकरी सोडून कुडाळात परत आली. लिहिणं म्हणजे कथा-कविता नव्हेत. हॉटेलांची माहितीपत्रकं, शाळांच्या स्मरणिका, देवस्थानांचे अहवाल, भाषांतरं, मिळेल ते. शिल्लक दीड लाखाची होती.

आईला हे पटलं नव्हतं. ती म्हणाली, "ह्याच गावात चिं. त्र्यं. खानोलकर होते. खानावळ चालवता चालवता कविता लिहायचे. एवढा मोठा माणूस, पण खानावळ काही धड चालली नाही. शेवटी 1959 साली मुंबई गाठावी लागली त्यांना."

"आई, त्यांच्याकडे लॅपटॉप कुठे होता?" मुलगी म्हणाली.

तिने सत्तर हजारांचा लॅपटॉप घेतला. फिरती खुर्ची घेतली. पंचवीस हजार मोजून वेबसाइट करून घेतली. कामं बहुतेक मराठीतच मिळणार होती, तरी इंग्रजी व्याकरण तपासून देणाऱ्या ॲपची वर्षाची वर्गणी भरली. जाड कागदावर सोनेरी अक्षरांत पाचशे कार्डं छापली आणि फेसबुकवर जाहिरातीला पैसे लावले. जाहिरातीला नागपूरहून अंगठे आले, दुबईहून आले. "खूप छान, ताई" असे शेरेही आले. काम मात्र एकही आलं नाही. गणपती येईपर्यंत शिल्लक तळाला गेली.

शेजारी एक म्हातारे दशावतारी नट राहत. सगळी हयात त्यांनी राजाची कामं केली होती. एका संध्याकाळी ती त्यांच्या खळ्यात जाऊन बसली आणि सगळं सांगितलं. काकांनी ऐकून घेतलं. मग स्वतःची गोष्ट सांगितली.

नाटक कंपनीत नवे असताना काकांनी कर्ज काढून मखमलीचा अंगरखा शिवला होता. दशावतारात लिहिलेली संहिता नसते. आख्यान आधी ठरतं, संवाद ज्याचे त्याने रंगमंचावर उभ्या उभ्या बोलायचे. पहिल्याच रात्री काकांचा अंगरखा झळाळला आणि तोंडातून शब्द फुटेना. समोरच्या राजाचा अंगरखा कंपनीच्या पेटाऱ्यातला होता, खांद्याला उसवलेला. पण तो बोलू लागला की दुकानाकडे निघालेली माणसं जागच्या जागी थांबत.

काकांनी अंगरखा विकला. आलेल्या पैशांतून आधी कर्ज फेडलं. उरलेल्यातून श्रीधरस्वामींचे 'पांडवप्रताप' आणि 'रामविजय' हे ग्रंथ घेतले, आणि जुन्या नटांची कामं ऐकायला ते जत्रा-जत्रांतून हिंडू लागले. हळूहळू वाणी सुधारली, मोठी कामं मिळू लागली. तेव्हा वेगळीच पंचाईत झाली. पेटाऱ्यातला मुकुट त्यांना सैल होई आणि ऐन युद्धात डोळ्यांवर येई. कौरव तर दिसेनातच, प्रेक्षकही हसू लागले. दोन जत्रा अशा गेल्यावर काकांनी डोक्याच्या मापाचा मुकुट करून घेतला. कारागिराने सांगितली ती किंमत दिली.

"अंगरखो मी लोकांसाठी घेतलंय, बाय," काका म्हणाले. "मुकुट कामासाठी घेतलंय. तुझा काम खंय अडता, ता बघ आधी."

दुसऱ्या दिवशी ती गावातल्या छापखान्यात गेली आणि मुद्रितं तपासायचं काम मागून घेतलं. काम बारीक होतं, पैसेही बारीक होते. मात्र त्या दिवसापासून काम अडलं की ती भिंतीवरच्या कालनिर्णयावर त्या तारखेच्या चौकोनात कारण लिहू लागली. नवं काम आलं की ते कुणाकडून आलं, तेही लिहू लागली.

त्यानंतरचा महिना परतीच्या पावसाने गाजवला. दिवाळीच्या तोंडावर तिने कालनिर्णयाची पानं उलटून पाहिली. सगळ्यात जास्त वेळा "लाइट गेली" असं लिहिलं होतं. त्याखालोखाल "जोडाक्षरं फुटली" असं होतं. ती युनिकोडमध्ये लिहायची, छापखान्याला मजकूर श्रीलिपीत लागायचा, आणि एकातून दुसऱ्यात नेताना अक्षरं मोडायची. ती दुरुस्त करण्यात अर्धा अर्धा दिवस जाई. "लॅपटॉप जुना" किंवा "खुर्ची टोचते" असं मुंबईत तिला रोज वाटायचं. इथे कुठल्याच चौकोनात तसलं कारण सापडण्याजोगं नव्हतं, कारण तेवढीच काय ती सोय तिने आधी करून ठेवली होती.

तिने खुर्ची विकली, ॲपची वर्गणी पुढे चालू ठेवली नाही, आणि आईकडून थोडे उसने घेऊन इन्व्हर्टर बसवला. अक्षरं नीट बदलून देणारं सॉफ्टवेअर विकत घेतलं. पुढच्या महिन्यात एकही काम उशिरा गेलं नाही.

कामं कुणाकडून आली, तेही तिने पाहिलं. वेबसाइटवरून एकही नव्हतं. जी आली ती छापखान्यात तिचा हात पाहिलेल्या माणसांकडून आली होती. तिच्या लक्षात आलं की आपलं लिहिलेलं लोकांच्या हातात पडायला हवं.

कार्तिकात जत्रा सुरू होतात. आसपासच्या देवळांत विचारून तिने एका पानाचा मजकूर तयार केला. कुठल्या गावची जत्रा कधी, नाटक कुठल्या कंपनीचं, रात्री परतायला गाडी मिळेल का, एवढंच त्यात होतं. साध्या कागदावर काळ्या शाईत दोनशे प्रती काढल्या. खाली बारीक अक्षरांत स्वतःचं नाव आणि फोन नंबर. एसटी स्टँडजवळच्या चहावाल्यांकडे आणि बुधवारच्या बाजारात दुकानदारांकडे ती प्रती ठेवून आली. लोकांनी त्या घडी घालून खिशात ठेवल्या, काहींनी दारामागे चिकटवल्या.

पहिला फोन आला तो रागाचा होता. "आमच्या गावची जत्रा का नाही घातलीत?" तिने ती घालून पान पुन्हा छापलं आणि एक गठ्ठा त्या गावात स्वतः नेऊन दिला. पुढच्या महिन्यात त्याच देवस्थानाची स्मरणिका तिच्याकडे लिहायला आली. नंतर मालवणकडच्या एका निवासवाल्याने ते पान पाहून विचारलं, "आमच्या पाहुण्यांसाठी असं साधं, वाचलं की कळेल असं लिहून द्याल?"

वर्षाअखेरीस तिने आईचे उसने फेडले.

खर्च मुलीनेही केला आणि काकांनीही केला, दोघांनी दोनदा केला. पहिल्यांदा कामाला सुरुवात व्हायच्या आधी केला, म्हणून तो बराचसा वाया गेला. दुसऱ्यांदा काम अडलं तिथे केला, म्हणून तो फळला. कामाला काय कमी पडतंय हे काम करू लागल्यावरच कळतं. तोवर हात आखडता ठेवावा, आणि कळल्यावर मात्र आखडता घेऊ नये. जाहिरातीचंही तसंच आहे. आपण चांगलं लिहितो असं पैसे देऊन सांगत बसण्यापेक्षा, तेच पैसे लोकांच्या उपयोगी पडेल असं काही लिहून छापण्यात घालावेत. वाचणारा मग खालचं नाव आपणहून शोधतो.