गहू सोडण्याआधी

ब्रह्मपुरीच्या पूर्वेला वैनगंगा वाहते आणि नदी ओलांडली की गडचिरोली जिल्हा लागतो. पावसाळ्यात दोन्ही काठांच्या बांध्यांमध्ये धान उभे असते. या झाडीपट्टीत जेवण म्हणजे भात. आजाऱ्याला भाताची पेज, पाहुण्याला तांदळाच्या पिठाचे आयते, दिवाळीला अनारसे. ग्लूटेन हा शब्द कानावर येण्याच्या कितीतरी आधीपासून इथली माणसे बहुतांशी ग्लूटेन नसलेले अन्न खात आली आहेत.

आज याच भागातल्या अनेक घरांत दोन उलटे सल्ले एकाच वेळी येऊन बसले आहेत. नागपूर-पुण्याला नोकरी करणारा मुलगा सणाला घरी येतो आणि सांगतो, ‘मी गहू बंद केलाय, खूप हलकं वाटतं.’ त्याच घरात मधुमेह निघालेल्या वडिलांना कुणीतरी बजावलेले असते, ‘भात सोडा, पोळी खा.’ आईने कुणाचे ऐकावे? दोघेही आपण आरोग्याची बाजू घेतो आहोत, असे मनापासून मानतात. पण ग्लूटेन टाळणे ही गरज आहे की फॅशन, याचे उत्तर दोघांपैकी एकानेही तपासलेले नसते.

हे उत्तर माणसागणिक बदलते. काही माणसांसाठी ग्लूटेन वर्ज्य करणे हे एकमेव औषध आहे. ते आयुष्यभर आणि काटेकोरपणे घ्यावे लागते. इतर बहुतेकांना त्यातून काहीही मिळत नाही. आपण कोणत्या गटात आहोत हे रक्ताच्या आणि आतड्याच्या तपासणीतून कळते, ‘हलकं वाटतं’ या अनुभवातून कळत नाही. माझा सगळा आग्रह एवढ्या एका गोष्टीसाठी आहे.

आजार खरा आहे

ग्लूटेन हे गहू, जव आणि राय या धान्यांतले प्रथिन. गव्हाची कणीक लवचिक होते, पोळी लाटता येते, पाव फुगतो, ते त्याच्यामुळे. सिलिअॅक या आजारात शरीराची प्रतिकारशक्ती ग्लूटेनमुळे चिथावली जाते आणि स्वतःच्याच लहान आतड्यावर हल्ला करते. आतड्याच्या अस्तरावर बारीक बोटांसारखे असंख्य उंचवटे असतात. अन्नरस तिथे शोषला जातो. ते झिजून सपाट झाले की पोटभर जेवूनही माणूस उपाशी राहतो. मुलाची उंची खुंटते, जुलाब थांबत नाहीत, पोट फुगते. मोठ्या माणसात कधी पोटाची काहीच तक्रार नसते. फक्त लोहाच्या गोळ्यांना दाद न देणारा रक्तक्षय असतो, हाडे ठिसूळ झालेली असतात किंवा मूल होण्यात अडचण येत असते.

इंग्रज डॉक्टर सॅम्युएल गी यांनी १८८८ मध्ये या आजाराचे नेमके वर्णन केले आणि उपाय आहारातच सापडेल असे सांगितले. पण कोणत्या आहारात, हे कळायला आणखी साठ वर्षे गेली. विलेम कारेल डिके हे नेदरलँड्समधले बालरोगतज्ज्ञ. पाव बंद केला की काही आजारी मुले सुधारतात, असा संशय त्यांना १९३० च्या दशकापासून होता. १९४४-४५ च्या हिवाळ्यात जर्मनव्याप्त हॉलंडमध्ये दुष्काळ पडला आणि पाव मिळेनासा झाला. आजूबाजूचे लोक उपासमारीने खंगत असताना सिलिअॅकची मुले मात्र सुधारली. पाव पुन्हा मिळू लागल्यावर त्यांचे दुखणे परतले.

डिके या निरीक्षणावर थांबले नाहीत, म्हणून मला ते फार मोठे वाटतात. त्यांनी मुलांना ठरावीक काळ गहू दिला, ठरावीक काळ बंद केला, आणि दर वेळी विष्ठेतून न पचलेली चरबी किती बाहेर पडते ते सहकाऱ्यांसह मोजले. १९५० मध्ये त्यांचा प्रबंध आला आणि गहू हे कारण पक्के झाले. आज कुणी चार दिवस पोळी सोडून ‘फरक पडला’ म्हणते, तेव्हा ती व्यक्ती डिके यांच्या पहिल्या पायरीवर उभी असते. दुसरी पायरी, मोजण्याची, अजून चढायची असते.

तांदळाचा मुलूख आणि गव्हाचा मुलूख

भारतात हा आजार किती आहे, याचे चांगले उत्तर २०१६ मध्ये मिळाले. डॉ. बी. एस. रामकृष्ण, डॉ. गोविंद मखारिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उत्तर, ईशान्य आणि दक्षिण भारतातल्या २३,३३१ प्रौढांची तपासणी केली. रक्तात सिलिअॅकची प्रतिपिंडे सापडण्याचे प्रमाण उत्तरेत १.२३ टक्के, ईशान्येत ०.८७ टक्के आणि दक्षिणेत अवघे ०.१० टक्के होते. या आजाराला लागणारी जनुके तिन्ही भागांत साधारण सारखीच आढळली. ठळक फरक होता तो ताटात. रोजचा गहू उत्तरेत सरासरी ४५५ ग्रॅम, ईशान्येत ३७ ग्रॅम आणि दक्षिणेत २५ ग्रॅम. अर्थात ईशान्येतही गहू कमीच असताना आजार दक्षिणेपेक्षा बराच जास्त आहे. म्हणजे गव्हाचे प्रमाण हे एकच कारण नसावे. तरीही ते मोठे कारण असावे असे दिसते.

त्या पाहणीत विदर्भ नव्हता. पण भातावर वाढलेल्या ब्रह्मपुरीला तिच्यातून दोन गोष्टी घेता येतात. पहिली दिलाशाची: जिथे गहू कमी, तिथे हा आजार कमी असण्याची शक्यता आहे. दुसरी सावध करणारी: जिथे आजार विरळा, तिथे तो डॉक्टरांच्या लवकर ध्यानात येत नाही. आपल्याकडे फिकट, खुरटलेले मूल दवाखान्यात आले की आधी सिकलसेल, जंत आणि कुपोषण यांचा विचार होतो. तो बरोबरच आहे, कारण गडचिरोली-चंद्रपुरात ही दुखणी खरोखर आहेत. पण सिकलसेल नाही, जंताचे औषध झाले, खाणे सुधारले, लोह दिले आणि तरीही मूल वाढत नाही, तेव्हा सिलिअॅकची आठवण व्हायला हवी.

आणि ताटही आता पूर्वीचे राहिलेले नाही. रेशन दुकानातून तांदळाबरोबर गहूही घरी येतो. शाळेच्या डब्यात पोळी जाते, चहाबरोबर बिस्किटे येतात, चौकातल्या गाड्यावर समोसा आणि नूडल्स मिळतात. ज्यांच्या आजोबांनी गहू सणावारीच पाहिला, ती नातवंडे तो रोज खातात. यातून बहुतेकांचे काहीही बिघडणार नाही. ज्या थोड्यांचे बिघडेल, त्यांना वेळीच ओळखता आले पाहिजे.

मग हलकं का वाटतं?

तपासणीत सिलिअॅक नाही, गव्हाची अॅलर्जीही नाही, तरी गहू सोडल्यावर पोट शांत होते असे सांगणारी माणसे आहेत. त्यांना खोटे ठरवू नये. त्यांचा त्रास खरा असतो. दोष ग्लूटेनचाच आहे का, एवढाच प्रश्न असतो. ऑस्ट्रेलियातल्या मोनॅश विद्यापीठाच्या गटाने २०११ मध्ये अशा लोकांना ग्लूटेनचा त्रास होतो असा निष्कर्ष काढला होता. त्याच गटाने २०१३ मध्ये अधिक काटेकोर प्रयोग केला. ३७ जणांच्या आहारातून आधी पोटात आंबणारी कर्बोदके कमी केली आणि मग त्यांना नकळत ग्लूटेन दिले. ग्लूटेनचा म्हणून वेगळा परिणाम दिसला नाही. स्वतःचाच निष्कर्ष त्यांनी तपासून बदलला. नॉर्वेत २०१८ मध्ये ५९ जणांवर असाच प्रयोग झाला आणि त्यात त्रास देणारा घटक निघाला फ्रुक्टान हे आंबणारे कर्बोदक. ते गव्हात असते, तसे कांद्यात आणि लसणातही असते.

याशिवाय गहू सोडणारा माणूस एकटा गहू सोडत नाही. त्याबरोबर पाव, केक, समोसा, बिस्किटे, रात्री उशिराचे खाणे असे बरेच काही सुटते. भाज्यांकडे लक्ष जाते, मोजून खाणे सुरू होते. श्रेय मात्र सगळे ग्लूटेनला मिळते. २०११ मध्ये अमेरिकन डॉक्टर विल्यम डेव्हिस यांच्या ‘व्हीट बेली’ने आणि २०१३ मध्ये टेनिसपटू नोव्हाक जोकोविच याच्या पुस्तकाने ही हवा जगभर पसरवली. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या एक लाखाहून अधिक आरोग्य-व्यावसायिकांच्या अनेक वर्षांच्या नोंदी तपासल्या गेल्या. ग्लूटेन कमी खाल्ल्याने हृदयविकार टळतो असे त्यांत दिसले नाही.

‘ग्लूटेन-फ्री’ लिहिलेल्या पुड्यातही मैद्याऐवजी बहुधा तांदळाचे, बटाट्याचे किंवा मक्याचे स्टार्च असते, साखर आणि तेल असते, चोथा कमी असतो. रुग्णाची ती सोय आहे. निरोगी माणसासाठी ते महागडे बिस्कीट आहे.

फॅशनची किंमत रुग्ण मोजतो

सर्वांत जास्त काळजी मला इथे वाटते. सिलिअॅकची रक्ततपासणी, म्हणजे टीटीजी प्रतिपिंडांची चाचणी, आणि आतड्याचा तुकडा घेऊन केलेली तपासणी या दोन्ही गोष्टी माणूस ग्लूटेन खात असतानाच खरे उत्तर देतात. आधीच महिनोन्‌महिने गहू सोडला तर प्रतिपिंडे कमी होतात, आतडे भरून येते आणि अहवाल ‘काही नाही’ असा येतो. मग खरा रुग्ण निदानाशिवाय राहतो. कधी पथ्य पाळतो, कधी मोडतो, आणि आतून झिजत जातो.

दुसरे नुकसान सामाजिक आहे. रुग्णाला ग्लूटेनचा कणही चालत नाही. ‘ग्लूटेन-फ्री’ म्हणण्यासाठी आपल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची मर्यादा किलोमागे २० मिलिग्रॅम आहे, यावरून काटेकोरपणा कळावा. गिरणीत गव्हामागोमाग तांदूळ दळला तर त्या पिठातही गहू येतो. बाजारातल्या बांधीव हिंगात बहुधा गव्हाचे पीठ असते. आपल्या सातूच्या पिठात गहू असतो, माल्टच्या पेयात जव असते. हल्ली चढ्या भावाने विकला जाणारा खपली गहूसुद्धा गहूच आहे. त्यात ग्लूटेन आहे आणि रुग्णाला तो चालत नाही. पण आजूबाजूला चार जण हौसेने गहू सोडतात आणि लग्नात गुलाबजाम-पुरी खातात, तेव्हा खऱ्या रुग्णाकडेही लोक त्याच नजरेने पाहतात. ‘एका पुरीने काय होतं?’ असा आग्रह होतो. सासरी नव्याने गेलेल्या मुलीला ‘माझं दळण वेगळं ठेवा’ हे सांगणे किती अवघड आहे, याचा विचार करावा. फॅशनने तिच्या आजाराचे नखऱ्यात रूपांतर केले आहे.

धान्याला दोष देण्याची जुनी सवय

आपल्या भागाने धान्यावरचा आरोप आधीही पाहिला आहे. धान निघाल्यावर बांधीतल्या ओलीवर लाखोळी पेरली जाते. तिची डाळ पूर्व विदर्भाच्या गरिबाचे प्रथिन. तिच्यातल्या एका विषद्रव्यामुळे पायांना पांगळेपण येते म्हणून १९६१ मध्ये विक्रीवर बंदी आली. धोका खोटा नव्हता. दुष्काळात महिनोन्‌महिने तिच्यावरच जगावे लागलेल्या माणसांना हे पांगळेपण, म्हणजे लॅथिरिझम, आले होते. पण भाताबरोबर वाटीभर वरण खाणारा आणि दुष्काळात तिच्याशिवाय काहीच न मिळणारा, यांत फरक आहे. पुढे कृषिसंशोधकांनी रतन, प्रतीक, महातिवडा अशी कमी विषद्रव्याची वाणे काढली. कोण खातो, किती खातो, कशाबरोबर खातो, हे विचारल्याशिवाय धान्याचा निवाडा करू नये, हा धडा आपल्याच बांधीत मिळालेला आहे. तो गव्हाला लागू होतो आणि भातालाही.

म्हणून ‘भात सोडा, पोळी खा’ हा सल्लाही तपासला पाहिजे. आयसीएमआर-इंडियाब या देशव्यापी पाहणीप्रमाणे भारतीयांच्या रोजच्या उष्मांकांपैकी सुमारे ६२ टक्के कर्बोदकांतून येतात, आणि पांढऱ्या तांदळाच्या जागी नुसते गव्हाचे किंवा भरडधान्याचे पीठ आणल्याने मधुमेहाचा धोका कमी झालेला दिसत नाही. कर्बोदके एकूण कमी करून त्यांच्या जागी डाळी, दूध, अंडी, मासे यांची प्रथिने आणली तर फायदा दिसतो. वडिलांच्या ताटात भाताऐवजी चार पोळ्या आल्या तर साखरेचे दुखणे तिथेच राहते. भात निम्मा करून वरण, पालेभाजी आणि तलावातली मासोळी वाढवली तर ते उपचाराच्या जवळ जाते.

ब्रह्मपुरीला लागूनच असलेल्या नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावात दादाजी खोब्रागडे या अल्पभूधारक शेतकऱ्याने एचएमटी हे तांदळाचे वाण निवडून वाढवले. २०१८ मध्ये ते गेले. त्यांचा तांदूळ आज अनेक राज्यांत पिकतो. सिलिअॅकच्या रुग्णाला सुरक्षित असे अन्न ज्या मातीने इतक्या मुबलकतेने पिकवले, तिथल्या माणसाने ते परदेशी शिक्क्याच्या पुड्यातून विकत घेण्याचे कारण नाही. तांदूळ, ज्वारी, बाजरी, नाचणी, मका, वरी, राजगिरा या कशातही ग्लूटेन नाही. स्वच्छ, वेगळे दळलेले पीठ मिळाले तर इथला रुग्ण आयुष्यभर घरचे जेवण जेवू शकतो.

तेव्हा वाचकांना माझे सांगणे असे. सतत जुलाब, न हटणारा रक्तक्षय किंवा खुंटलेली वाढ असेल तर गहू सोडण्याआधी डॉक्टरांकडे जा आणि टीटीजी चाचणीबद्दल विचारा. घरात एकाला सिलिअॅक निघाला तर आई-वडील, भावंडे आणि मुले यांचीही तपासणी करून घ्या. निदान झाले तर एका कणाचीही सूट देऊ नका, आणि अशा माणसाला लग्नात, पंगतीत आग्रह करू नका. तपासणीत काही निघाले नाही तर पोळी आणि भात दोन्ही निर्धास्त खा, मात्र प्रमाणात आणि डाळ-भाजीसोबत. आणि सरकारकडे एक मागणी: चंद्रपूर आणि गडचिरोलीसारख्या जिल्ह्यांत ही चाचणी सरकारी दवाखान्यात विनामूल्य मिळाली पाहिजे. नागपूरपर्यंत जाण्याची ऐपत नाही म्हणून एकही मूल निदानाशिवाय राहता कामा नये.