दोरा गुलाबीच होता

 

मागे ग्रुपवर एक पोस्ट आली होती. परदेशातली मुलं-मुली स्वतःचे पैसे भरून आफ्रिकेच्या अभयारण्यात सेवेला जातात म्हणे. वाचून वाटलं, आपल्या नशिबी कुठलं हे! पण आपल्या सुरतेत ही सेवा दर संक्रांतीला दारातच येते. 2017 पासून 10 ते 20 जानेवारी गुजरात सरकारचं करुणा अभियान असतं. मांजाने कापलेले पक्षी सेवेकरी उचलतात आणि उपचारकेंद्रात पोचवतात. यंदा उधन्यातल्या आम्ही सहा जणी गेलो.

काम अवघड नाही. पक्ष्यावर हलकेच सुती कापड टाकायचं, भोकं पाडलेल्या खोक्यात ठेवायचं. चोचीत पाणी ओतायचं नाही. अडकलेला दोरा ओढायचा नाही, कात्रीने कापायचा. 1962 ला फोन लावायचा. पहिल्या दिवशी फोटो टाकला, धडाधड प्रणाम आले. बरं वाटलं, खोटं कशाला बोला.

वासी उत्तरायणला एक घार आली. पंख हाडापर्यंत चिरलेला, त्यात गुलाबी दोरा. एक जण हळूच म्हणाली, "ताई, आपल्या नातवांची फिरकीपण गुलाबीच हो." मग सगळ्यांचं सुरू झालं, आमचा सुती, चायनीज नाही. नायलॉनवर देशभर बंदी आहे, खरंच. पण सुती दोऱ्याला काचेची पूड लावतात ती कशाला? मांजावाल्याला आम्हीच सांगितलं होतं, "भाऊ, जरा कडक रंगवा."

सकाळी धार लावायची आणि संध्याकाळी मलम, ह्याला सेवा म्हणायचं का? आमच्यात दोन मतं पडली. एक म्हणते, वर्षाचा सण आहे, घार जगली हे काय कमी? दुसरी म्हणते, घारीला विचारा. आम्हाला वाटतं, सेवा खोटी नव्हती, टाके खरेच पडले. पण तिच्यापायी आम्हाला आमचं काहीच सोडावं लागलं नाही.

16 तारखेला गच्चीवरचे, खालच्या फांद्यांवरचे गुंते काढले, कारण पक्षी त्यात नंतरही अडकत राहतात. दोन पिशव्या भरल्या. ह्याचा फोटो कुणी काढला नाही.

पुढच्या वर्षी काच नसलेला साधा दोरा आणायचा ठरतंय. नातू म्हणतो, "आजी, मग आपला पतंग सगळेच कापतील."

"कापू देत" म्हणायला आमची जीभ अजून रेटत नाही.