लूपवर उभी असलेली गाडी

राहुरी स्टेशनच्या बाकावर बसा. मनातल्या मनात बसलात तरी चालेल. एका अंगाला वांबोरी, दुसऱ्या अंगाला बेलापूर. दौंड-मनमाड मार्गाचा हा मधला तुकडा. लूप लाइनवर एक मालगाडी उभी आहे असं धरा. इंजिन घुमतंय, गाडी हलत नाही. श्वास मोजायची गरज नाही, डबे मोजा. चुकलात तर पुन्हा पहिल्यापासून. तेवढा वेळ ती नक्की थांबेल.

आता बाकावरून उठा आणि वर जा, घारीच्या उंचीवर. रेल्वे चालवण्याच्या संगणकी खेळांत आपली जागा हीच असते. खाली राहुरी तळहाताएवढी, मुळा नदी दोऱ्यासारखी, उसाचे हिरवे चौकोन. मालगाडी तिथंच आहे. तिच्याकडे तीन वेगवेगळ्या खेळांतून, एकेक करून, पाहू.

आधी 'रेलरोड टायकून', सिड मायरचा, 1990 सालचा. यात तुम्ही कंपनीचे मालक. कर्जरोखे काढायचे, शेअर घ्यायचे, जमलं तर शेजारची कंपनी गिळायची. या डोळ्यांनी पाहिलं की लूपवरची गाडी म्हणजे अडकून पडलेला पैसा. बाकी काही दिसत नाही. पुढे जाऊ.

'ट्रान्सपोर्ट टायकून'पाशी मात्र जरा रेंगाळा. ख्रिस सॉयरने तो 1994 मध्ये आणला, आणि 2004 पासून हौशी लोकांनी त्याचंच 'ओपनटीटीडी' हे फुकट रूप जिवंत ठेवलंय. माल जितका लांबचा आणि जितक्या लवकर पोचेल, तितकं भाडं जास्त. हे झालं गणित. गोडी आहे ती सिग्नलांत. नवखा माणूस एकेरी रूळ टाकतो, त्यावर हौसेनं दोन गाड्या सोडतो, आणि थोड्या वेळानं त्या समोरासमोर नाकाला नाक लावून उभ्या राहतात. कुणी मागे हटायचं? मग त्याला उमगतं की मध्येच कुठंतरी एक बगल काढायला हवी, जिथं एकीनं अंग चोरून उभं राहावं आणि दुसरीनं जावं. म्हणजे तो राहुरीची लूप लाइन नव्यानं शोधून काढतो. दौंड-मनमाड मार्ग वर्षानुवर्षं एकेरी होता. दुहेरीकरण अलीकडचं, तेही टप्प्याटप्प्यानं. या मार्गावरच्या प्रवाशाला 'क्रॉसिंग आहे' एवढे दोन शब्द पुरायचे, पुढचं विचारायची गरज पडत नसे. खेळात तेच क्रॉसिंग स्वतःच्या हातानं बसवलं की वाटतं, थांबलेली गाडी ही चूक नव्हतीच, कुणीतरी विचारपूर्वक केलेली सोय होती. माझ्या लेखी हा खेळ इतरांहून वरचढ ठरतो तो यासाठी.

तिसरा 'मिनी मेट्रो', 2015 चा. यात पैसा नाही, डोंगर नाही, धूर नाही. रंगीत रेघा, आणि स्टेशनांवर उभे असलेले इवलेसे गोल, त्रिकोण, चौकोन, तेच प्रवासी. एका स्टेशनात गर्दी मावेनाशी झाली की खेळ खलास. मुंबईचा नकाशाही त्यात आहे, आणि तो खेळताना लोकलचा माणूस हसतो ते कौतुकानं की कसं, सांगता येत नाही. पण पाहा, तीन खेळांपैकी यानंच गाडीऐवजी वाट पाहणाऱ्याकडे बोट दाखवलं.

थोडं थांबा. तिन्ही नजरा मनात तशाच राहू द्या.

आता खाली उतरा. फलाटावर नको, त्याच्याही खाली, रूळ ज्या मातीच्या भरावावर टेकलेत तिथं. 'ट्रान्सपोर्ट टायकून'मध्ये जमीन सपाट करायची तर एक टिचकी पुरते. टेकडी खचते, खात्यातून रक्कम वजा होते. झाडं तोडली तर गावची नगरपालिका रुसते, आणि पुन्हा झाडं लावली की खूशही होते. (हा भाग खेळ लिहिणाऱ्याला कुणी शिकवला असेल!) पण टिचकी आणि सपाट जमीन यांच्या मधे कुणीच दिसत नाही.

इथं होते. हा मार्ग 1878 मध्ये सुरू झाला, मुंबईहून निघालेल्या दोन मोठ्या मार्गांना जोडण्यासाठी: एक भुसावळकडे गेलेला, दुसरा पुण्यावरून रायचूरकडे. पण त्याची माती पडली ती 1876-77 च्या दुष्काळात. दुष्काळी काम म्हणून. पाऊस नाही, गुरं गेलेली, आणि माणसं डोक्यावर पाट्या घेऊन भराव टाकतायत. 1877 मध्ये सरकारनं दुष्काळी कामांवरची मजुरी कापली: पुरुषाला दिवसाकाठी एक पौंड धान्य आणि एक आणा. पुण्याच्या सार्वजनिक सभेनं त्याविरुद्ध आवाज उठवला.

एक पाटी माती मनात धरा. किती जड? ती कुठून उचलली, कुठं टाकली? आता दुसरी पाटी. घाई करू नका. तिसरी. पाट्या उचलणाऱ्यांची नावं विचारू नका, ती मिळायची नाहीत. फक्त भराव किती लांब आहे ते दोन्ही बाजूंना पाहा.

मालगाडीकडे पुन्हा नजर वळवा. सिग्नल अजून लाल आहे.

आता शेवटचं. 2025 मध्ये राहुरीहून शनिशिंगणापूरला जाणाऱ्या नव्या रेल्वेमार्गाला मंजुरी मिळाली आहे, सुमारे 22 किलोमीटरचा. तुमच्या हातात माउस आहे असं समजा. राहुरीवर एक टोक ठेवा आणि पूर्वेकडे रेघ ओढायला लागा. सावकाश. पहिल्याच वळणाला कुणाचं तरी कांद्याचं वावर आहे, बांधावर चाळ आहे, आणि चाळीच्या मागं एक विहीर.