थुटावरचा आकडा

हेमलकशाजवळच्या एका टोल्यावर रोवणी चालू होती. नागपूरकडच्या एका कारखान्यात विजेच्या पॅनेलची ड्रॉइंगं करणारा नातू त्यासाठी चार दिवसांची सुटी काढून आला आणि अडकला. पर्लकोटा नदी चढली की पलीकडचं भामरागड तुटतं. या खेपेला आलापल्लीच्या वाटेवरचे नालेही भरले होते. पोरगा लोकबिरादरी प्रकल्पाच्या आश्रमशाळेत शिकलेला. बाबा आमट्यांनी १९७३च्या डिसेंबरात हा प्रकल्प सुरू केला, शाळा १९७६ची. त्या काळात आजा जंगलखात्याच्या कुपावर झाडं तोडायला जायचा.

संध्याकाळी पोरगा लॅपटॉप मांडीवर घेऊन कपाळाला हात लावून बसला होता.

"काय हरवलं?" आज्याने विचारलं. बोलणं माडिया भाषेत झालं, मी ते मराठीत सांगतोय.

हरवलं काहीच नव्हतं, उलट एक जास्त झालं होतं. पाणीयोजनेच्या दोन पंपांचं पॅनेल, चौदा पानांचं ड्रॉइंग. चौथ्या पानावर पहिल्या पंपाची जोडणी. दुसऱ्या पंपाची तशीच, म्हणून पोराने चौथं पानच उचलून नववं केलं होतं. ऑटोकॅड इलेक्ट्रिकल या सॉफ्टवेअरमध्ये त्याने भागांचे आकडे ओळीवरून घ्यायचे ठरवले होते : चौथ्या पानावरच्या ४०७ क्रमांकाच्या ओळीतला कॉन्टॅक्टर, म्हणजे पंप चालू-बंद करणारा खटका, तो के४०७. पण नक्कल केलेल्या पानावरच्या ओळीही ४००पासूनच मोजल्या जात होत्या. मग तिथलाही के४०७च. पॅनेलात के४०७ नावाचे दोन कॉन्टॅक्टर, आणि तिसऱ्या नि अकराव्या पानांवर त्यांचे संपर्क विखुरलेले. त्या बिचाऱ्यांना आपला बाप कोणता ते कळेना.

"मी सगळंच पुसतो," पोरगा म्हणाला. "चौदाही पानांना एकपासून ओळीने आकडे. मधले रिकामे आकडेही जातील, दिसायला छान."

आजा चुलीतली काडी पुढे सारत राहिला. मग त्याने कुपाची गोष्ट काढली.

तोडायच्या झाडाला जंगलखातं दोन ठिकाणी आकड्याची खूण करी, एक छातीएवढ्या उंचीवर, दुसरी बुडाशी. झाड पडलं, ओंडके गाडीवर चढले, तरी बुडाची खूण थुटावर राहायची. डेपोतला ओंडका कोणत्या थुटाचा हे विचारायची वेळ आली, तर थूटच साक्षीदार. एका साली दोन टोळ्यांनी एकाच आकड्यापासून सुरुवात केली. एका आकड्याची दोन थुटं झाली. एक जण म्हणाला, सगळ्या थुटांवर नवे आकडे टाकू. म्हातारा गार्ड त्याच्यावर उखडला.

"का?"

"अर्धे ओंडके बल्लारशाला पोचले होते. परवान्यावर जुना आकडा. थुटावरचा बदलला असता, तर जंगलातला खरा माल डेपोत चोरीचा ठरला असता. आकडा ओळीत शोभावा म्हणून नसतो रे. जो माल निघून गेला, त्याला परत घरी यायची वाट म्हणून असतो."

पोरगा गप्प झाला. कारखान्यात पहिल्या पंपाची वायरिंग संपली होती, के४०७ची पट्टी कॉन्टॅक्टरवर चिकटलेली होती, तारांच्या टोकांवर आकड्यांच्या रिंगा चढल्या होत्या. चौदा पानं नव्याने मोजली असती, तर कागद एक बोलला असता नि पॅनेल दुसरं.

"मग गार्डाने काय केलं?"

"आधी ओंडके वेगळे केले. जाडी बघून, काप जुळवून, हा याचा, तो त्याचा. मगच दुसऱ्या थुटाचा आकडा बदलला. आधी थुटाला हात लावला असता, तर ओंडके मिसळलेलेच राहिले असते."

हे वाक्य पोराला नेमकं लागलं. सॉफ्टवेअर संपर्काचं नातं नावाच्या अक्षरांवरून ओळखतं. दोन बापांचं नाव एक असताना एकाचं बदललं, तर दोघांचीही पोरं त्याच्यामागे जायची भीती. त्याने चौथ्या पानाचे सगळे आकडे पक्के करून टाकले, म्हणजे पुन्हा आकडे पाडले तरी ते हलणार नाहीत. मग तिसऱ्या नि अकराव्या पानावरचा एकेक संपर्क तपासून दुसऱ्या पंपाचे हाताने वेगळे केले. शेवटी नवव्या पानाच्या पहिल्या ओळीला ९०० दिलं आणि तेवढ्याच पानाचे आकडे पुन्हा पाडले. कॉन्टॅक्टर के९०७ झाला, संपर्क त्याला जोडले गेले. रात्रीचे साडेअकरा वाजले, बॅटरी नऊ टक्के.

आजा पडद्यात डोकावला. "इथे ४१२नंतर एकदम ४१५?"

"मधल्या ओळींत काही नाही."

"आमच्याकडेही सुटायचे आकडे. एका झाडावर आग्यामोहोळ होतं, कुणी गेलंच नाही."

सकाळी टेकाडावर, जिथे रेंज सापडते तिथे, पोराने तीन पानं पाठवली. कारखान्यातून फोन आला, "बाकीची अकरा?"

"ती आहेत तशीच," तो म्हणाला आणि चिखल तुडवत बांधीकडे वळला.