नाडीवरील बोट

कित्येक वर्षें माझें हृदय अवचित धांव घेई. ६० ते १०० ठोके पडावेत तेथें १८० पडत. डॉक्टरांनीं जांघेच्या शिरेंतून बारीक तार हृदयापर्यंत नेली व तेथील एक अधिकची वाट उष्णतेनें जाळून बंद केली. आठवडाभर जड उचलूं नये, एवढेंच पथ्य.

रोग गेला, भय राहिलें. नंतर कांहीं आठवडे चुकार ठोके येतात व ते बहुधा निरुपद्रवी असतात, हें मला सांगितलेलें होतें. (घेरी आल्यास मात्र दवाखाना गाठावा.) तरी उपासना चालवितांना माझें बोट मनगटाकडे जाई. मंडळीस विश्वास शिकविणारा मी!

योहानाच्या ५ व्या अध्यायांतील ३८ वर्षांच्या रोग्यास प्रभूनें बाज उचलावयास लाविलें. पाय भार सोसतील कीं नाहीं, हें पारखण्यास त्यास अवकाशच मिळाला नाहीं. मी तीन महिने बाजेवर बसून होतों.

मग टेकडीपलीकडील मंडळीनें बोलाविलें. चढावर हृदय धडधडलें, माथ्यावर शांत झालें, जसें कोणाचेंहि होतें. बोट नाडी शोधूं लागलें. पण एका हातांत पवित्र शास्त्र होतें, दुसऱ्यांत प्रभुभोजनाचा पेला.