समुद्रापलीकडचे ऋषिऋण

सातारा-सांगलीकडच्या ज्या घरांतून दोन पिढ्यांपूर्वी पुण्यास शिकावयास जाणे हीच मोठी मजल समजली जात असे, त्याच घरांतील एखादी मुलगी आज माद्रिदच्या कॉम्प्लुतेन्ससारख्या विशाल विद्यापीठात एका सत्रापुरती विनिमय-विद्यार्थिनी म्हणून जावयास निघते, तेव्हा बँकेचे हमीपत्र, पोलिसांचा दाखला, व्हिसाचा अर्ज आणि दोन्ही विद्यापीठांच्या सह्यांनी मंजूर झालेला अभ्यासक्रमाचा करार या साऱ्या दफ्तरात कोठेही न लिहिलेला एक प्रश्न त्या घरात देवघरापासून ओसरीपर्यंत वावरत असतो. तिकडे गेलेले लेकरू आपले राहील काय? आई हा प्रश्न जेवणाखाण्याच्या चिंतेतून विचारते, वडील तो शेतावर काढलेल्या कर्जाच्या हिशेबातून विचारतात, आणि आजी मुळीच विचारीत नाही. ती नातीच्या सामानात अंगाऱ्याची पुडी ठेवते. मला हा प्रश्न धर्माचा वाटतो, आणि त्याला धर्मविचाराच्या पातळीवरच उत्तर द्यावयास हवे असे वाटते.

प्रश्न जुना आहे, आणि तो केवळ भित्र्या मनातून निघालेला नाही. बौधायन धर्मसूत्रात उत्तरेकडील लोकांचे म्हणून जे पाच विशेष आचार सांगितले आहेत त्यांत समुद्रगमन येते. दक्षिणेकडील पाचांत मामाच्या मुलीशी विवाह येतो, जो आमच्या भागात आजही रूढ आहे. पुढे त्याच सूत्रात समुद्रगमनाची गणना पातित्य आणणाऱ्या कर्मांत होते, आणि कलिवर्ज्य प्रकरणात तर मर्यादा इतकी आवळली गेली की नौकेने समुद्रावर गेलेल्या द्विजाने प्रायश्चित्त घेऊन शुद्धी करून घेतली तरी त्याचा संग्रह करू नये, असे ठरले. म्हणजे एके काळी जो एका प्रदेशाचा देशाचार होता तो कालांतराने दोष ठरला, आणि दोषाचे पुढे असे पातक झाले की त्याला परतीची वाटच उरली नाही. धर्मशास्त्र असे काळाच्या ओघात घडत आणि बदलत आले आहे, ही गोष्ट वाईच्या प्राज्ञपाठशाळेने सिद्ध केलेल्या धर्मकोशाचे खंड चाळले म्हणजे कोणाच्याही मनावर ठसते. साताऱ्यापासून थोड्याच अंतरावर, कृष्णेच्या काठी, परंपरेच्याच शास्त्र्यांनी परंपरेचे हे दफ्तर उघडून लावले, याचा मला अभिमान वाटतो.

शास्त्रकारांचे भय पाण्याचे नव्हते, ते संगाचे होते: परक्या पंक्तीत बसलेला मनुष्य हळूहळू परका होतो, आणि त्याची निष्ठा पातळ होत जाते, हे ते भय. या भयाला सातारच्या इतिहासाने फार पूर्वी उत्तर दिलेले आहे. छत्रपती प्रतापसिंह महाराज १८३९ साली पदच्युत झाले, तेव्हा त्यांची कैफियत घेऊन रंगो बापूजी गुप्ते विलायतेस गेले, आणि कंपनीच्या संचालकांपुढे व पार्लमेंटच्या सभासदांपुढे धन्याचा हक्क मांडीत वर्षानुवर्षे लंडनला राहिले. १८४७ साली महाराज काशीस निवर्तले तरी त्यांनी ती वकिली टाकली नाही. समुद्र ओलांडल्याने निष्ठा पातळ होते असे ज्यांना वाटते त्यांनी हे एक चरित्र डोळ्यांपुढे ठेवावे.

परंतु रंगो बापूजी तेथे न्याय मागावयास गेले होते. विद्यार्थिनी विद्या घ्यावयास जाते, आणि तेथे प्रश्नाचे स्वरूपच पालटते. विनिमयाच्या व्यवस्थेत यजमान विद्यापीठ सामान्यतः तिच्याकडून शिकवणीची फी घेत नाही. ती आपल्या मूळ संस्थेतच भरावयाची असते. युरोपातील पद्धतीप्रमाणे वर्षाचे ६० श्रेयांक, सत्राचे ३०. ते मिळाले, घरच्या विद्यापीठाने खात्यावर जमा केले, की कराराचा हिशेब पुरा होतो. ज्या प्राध्यापकाने तिला चार महिने शिकविले, जो बहुधा आपल्याला पहिल्या नावाने हाक मारावयास तिला सांगेल आणि तिच्या जिभेवर ती हाक कितीतरी दिवस अडखळेल, त्याला तिच्या घरून काहीच पोचत नाही. मग त्याचे देणे कोठे नोंदवावयाचे?

आपल्या परंपरेत याचा विचार झालेला आहे. ब्राह्मण तीन ऋणे घेऊनच जन्मास येतो, असे तैत्तिरीय संहिता सांगते, आणि त्यांपैकी ऋषींचे ऋण ब्रह्मचर्याने, म्हणजे अध्ययनाने, फिटते. विद्येचे देणे विद्येनेच फेडावयाचे, द्रव्याने नव्हे, ही कल्पना मला भारतीय चिंतनातील अत्यंत उदात्त कल्पनांपैकी एक वाटते. एखादा जुन्या वळणाचा शास्त्री येथे आक्षेप घेईल की हे ऋण स्वशाखेच्या ऋषींचे आहे. माद्रिदच्या अध्यापकाशी त्याचा काय संबंध? आक्षेप वजनदार आहे, आणि केवळ सर्व मानव एक आहेत असे मोघम बोलून तो उडवून लावणे मला प्रशस्त वाटत नाही. त्याला उत्तर इतिहासातून दिले पाहिजे.

स्पेनच्या उत्तर भागातील आल्बेल्दाच्या मठात ९७६ साली सिद्ध झालेल्या एका हस्तलिखितात आपले नऊ अंक, शून्यावाचून, लिहिलेले आहेत. पश्चिम युरोपात उपलब्ध असलेला त्यांचा तो सर्वांत जुना लेख मानला जातो, आणि तो लिहिणाऱ्या ख्रिस्ती साधूंनी तेथेच भारतीयांच्या सूक्ष्म बुद्धीची प्रशंसा केली आहे. पुढच्या शतकात तोलेदोचा काजी साइद अल-अंदलुसी याने विद्यांचा व्यासंग करणाऱ्या राष्ट्रांची गणना केली, तेव्हा पहिले स्थान भारतीयांना दिले. आणि १२५१ साली, पंचतंत्रातून पहलवीत, पहलवीतून अरबीत गेलेल्या कथा ‘कलीला व दिमना’ या नावाने कास्तिलच्या भाषेत उतरल्या. ज्ञानेश्वरी सांगितली जाण्यापूर्वी सुमारे चाळीस वर्षे विष्णुशर्म्याचे करटक आणि दमनक स्पेनमध्ये बोलू लागले होते. यांपैकी एकाही वाहकाने आमच्या शाखेचा शोध घेतला नाही. ऋषींची परंपरा समुद्रापाशी थांबलेली नाही, हे त्या अंकांवरून आणि त्या कथांवरून दिसते. जी पलीकडे गेली तिचे फळ पलीकडे वाढले असेल, तर तेथे बसून शिकणाऱ्याचे ऋणही तेथे उत्पन्न होतेच. तासगावच्या द्राक्षबागेतून गेलेली मुलगी तिकडच्या वर्गात अंक मांडते, तेव्हा ती सर्वस्वी परक्या घरी बसलेली नसते.

येथवरचे उत्तर सोपे आहे. अवघड भाग पुढे आहे, आणि तो टाळून केलेले परदेशगमनाचे समर्थन मला पोकळ वाटते. कॉम्प्लुतेन्स विद्यापीठाचे मूळ माद्रिदजवळच्या अल्काला येथे आहे. कार्डिनल सिस्नेरोस याने १४९९ साली पोपची सनद मिळवून ते स्थापिले, आणि १८३६ साली ते माद्रिदला आले. याच सिस्नेरोसच्या आश्रयाखाली हिब्रू, ग्रीक, लॅटिन आणि अरामी भाषांतील पाठ शेजारीशेजारी ठेवणारे बायबल १५१४ ते १५१७ या काळात छापले गेले. पाठचिकित्सेच्या इतिहासात त्याचे स्थान अढळ आहे. आणि याच सिस्नेरोसने, विद्यापीठ स्थापन होत होते त्याच सुमारास, ग्रानाडाच्या चौकात अरबी ग्रंथांची होळी करविली. वैद्यकाचे काही ग्रंथ तेवढे वाचवून अल्कालाला पाठविण्यात आले असे सांगतात. पाठांची इतकी सूक्ष्म चाड असलेला मनुष्य पाठ जाळू शकला! आम्हां मराठी भाषकांना हे दूरचे म्हणून सोडून देता येत नाही, कारण नाव्हार प्रांतातून निघालेल्या फ्रान्सिस झेवियरने ज्या धर्मन्यायासनाची मागणी केली, ते १५६० साली गोव्यात स्थापन झाले, १८१२ साली कायमचे उठले, आणि त्याची झळ आमच्याच भाषाबांधवांना लागली.

मग अशा गुरुकुलाचे ऋण मानावयाचे काय? माझे उत्तर होय असे आहे, आणि ते मी संकोचून देत नाही. ऋण मानणे म्हणजे घेतलेले मोजणे. त्यात गुरूच्या सर्व कृत्यांना संमती अंतर्भूत नसते. त्याच देशात, त्याच शतकात, सालामांकाच्या विद्यापीठात फ्रान्सिस्को दे वितोरिया याने १५३९ साली आपल्याच राजाच्या अमेरिकेतील सत्तेचे हक्क तपासून पाहिले. आणि १५५०-५१ मध्ये वायादोलिद येथे बार्तोलोमे दे लास कासास यांनी अमेरिकेच्या मूळ रहिवाशांचा पक्ष उघडपणे मांडला. त्यांच्या विरुद्ध उभा राहिलेला सेपुल्वेदा हा अल्कालाचाच विद्यार्थी होता. त्या भूमीत जुलमाचे समर्थन विद्यापीठात शिकलेल्यांनी केले, तसा जुलमाला प्रश्नही विद्यापीठातूनच विचारला गेला, आणि हे दोन्ही प्रवाह जो पाहील त्यालाच तेथील विद्या खऱ्या अर्थाने मिळाली असे मी म्हणेन.

अन्नाचा प्रश्न राहिला, ज्याला आम्ही घरात सर्वाधिक भितो. सांगलीच्या जैन घरातील मुलीला माद्रिदच्या खानावळीत जागोजागी डुकराच्या मांड्या टांगलेल्या दिसतील, आणि तिच्या जिवाला ते लागेल यात नवल नाही. तिने नाकारावे, तिचा तो अधिकार आज कोणी हिरावून घेणार नाही. मात्र नाकारताना तिने एवढे जाणावे की सोळाव्या शतकात याच शहरांतून, डुक्कर न खाणे हा मनुष्य मनातून अजून यहुदी किंवा मुसलमान आहे याचा पुरावा म्हणून न्यायासनापुढे येत असे. कोण काय खातो यावरून त्याची निष्ठा ठरविण्याचा हा व्यवहार फक्त आमच्या शास्त्र्यांनीच केला असे नाही. ज्याने तो सोसला त्याच्या जातीचे नाव प्रत्येक देशात वेगळे, एवढेच.

आणि आमच्या घरचे काय? कर्मवीर भाऊराव पाटील कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगात शिकत असताना अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभास गेले, परतल्यावर शुद्धीचे स्नान करावयास त्यांनी नकार दिला, आणि त्यांना ते बोर्डिंग सोडावे लागले. कलिवर्ज्याने समुद्रापलीकडे ठेवलेली रेषा कोल्हापूरच्या गल्लीतच ओढलेली होती. पुढे १९१० साली त्यांनी दुधगावला वसतिगृह काढले, १९१९ साली काल्यात रयत शिक्षण संस्था स्थापिली, १९२४ साली साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांना एका पंक्तीस बसविणारे बोर्डिंग सुरू केले, आणि त्या मुलांच्या भाकरीसाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, अखेरीस मंगळसूत्रही, मोडले. एखाद्या खेड्यातून निघून त्या पंक्तीत प्रथम बसलेल्या मुलाने त्या दिवशी जे ओलांडले, ते अरबी समुद्राहून अरुंद होते असे मला वाटत नाही. त्याच बोर्डिंगातून पांडुरंग गणपती पाटील विलायतेस गेले, बॅरिस्टर झाले, साताऱ्यास परतून त्यांनी अध्यापन केले आणि पुढे शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले. जे बोर्डिंगच्या पंक्तीत शिकले होते त्यांना विलायतेची पंक्ती परकी वाटण्याचे कारण नव्हते.

तेव्हा घरच्यांच्या मूळ प्रश्नाकडे पाहता, मुलगी आपली राहील काय याची चाचणी ती किती वेळा फोन करते किंवा ताटात काय घेते यात नाही. ती परत येईलच असेही कोणी छातीठोक सांगू नये. विद्या मनुष्याला कोठे नेईल हे आईबापांच्या हाती कधीच नव्हते. पण ऋषिऋणाची एक फेड तिच्या हाती निश्चित आहे, मग ती सांगलीत राहो की माद्रिदमध्ये. स्पेनचे विचारधन आमच्याकडे बहुतांशी इंग्रजीच्या द्वारातून, इंग्रजांच्या आवडीनिवडीसह आले. वितोरियाची व्याख्याने, वायादोलिदचा वाद, सालामांकाचा रेक्टर राहिलेल्या मिगेल दे उनामुनोचे श्रद्धा आणि मरण यांविषयीचे चिंतन, हे जो मूळ भाषेत वाचून सरळ मराठीत आणील, टिपांसह, आमच्या धर्मविचाराशी ताडून, त्याच्यासाठी विलिंग्डन महाविद्यालयाच्या वर्गात किंवा वाईच्या विश्वकोशाच्या कचेरीत जागा रिकामीच आहे. आणि तितकेच महत्त्वाचे: वाईच्या शास्त्र्यांनी कलिवर्ज्याची चिकित्सा कशी केली, साताऱ्याच्या पंक्तीत काय घडले, हे स्पॅनिश भाषेत सांगणारे आज कोण आहे? १२५१ साली कथा पहलवी आणि अरबी अशा दोन भाषांचा वळसा घालून तेथे पोचली. या खेपेस ती सांगणारी मुलगी स्वतः तेथे बसलेली आहे, आणि तिला स्पॅनिश येते.