खर्ज देवाच्या जवळ असतो का?

मंद्र सप्तकात घुमणाऱ्या सुषिर, म्हणजे फुंकून वाजवायच्या, वाद्यांचे वेड लागलेली माणसे थोडी, पण त्यांचा दावा लहान नाही. स्वर जितका खाली तितका तो आत उतरतो, आणि जितका आत उतरतो तितका परमार्थाजवळ नेतो, असे ती मानतात. त्याला शास्त्राधारही दाखवता येतो. देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाने तेराव्या शतकात शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ लिहिला. त्यात मंद्र नादाचे स्थान हृदय, मध्याचे कंठ आणि ताराचे मस्तक असे सांगितले आहे. हृदयातून येतो तोच खरा, हा निष्कर्ष मग आपसूक निघतो. पण शार्ङ्गदेव तिथे स्थान सांगतो, थोरवी नव्हे. ‘हठयोगप्रदीपिके’त तर क्रम उलटाच लागतो. साधकाला आधी समुद्र, मेघ, भेरी यांचे मोठे नाद ऐकू येतात आणि साधना मुरली की किंकिणी, वेणू, वीणा, भुंगा यांचे सूक्ष्म नाद. घनगंभीर आवाज ही तिथली सुरुवात आहे, शिखर नाही.

वरळीच्या बीडीडी चाळीत हा प्रश्न पोथीपुरता उरत नाही. 1920 च्या दशकात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने बांधलेल्या या चाळींतली खोली साधारण 160 चौरस फुटांची. काँट्राबसून या दुहेरी पत्तीच्या पाश्चात्त्य वाद्याचा सर्वांत खालचा स्वर सेकंदाला सुमारे 29 कंपनांचा असतो आणि त्याची एक लाट जवळजवळ 12 मीटर लांब. अशा खोलीत ती पुरती मावतच नाही. खर्जाला भिंत फारशी अडवू शकत नाही, म्हणून शेजारच्या जांबोरी मैदानात दहीहंडीला स्पीकरची भिंत उभी राहिली की गाण्याचे शब्द बाहेर राहतात आणि ठोका तेवढा घरात शिरतो. छाती हादरते, भांडी वाजतात. आवाज मोजण्याची नेहमीची पद्धतही इथे तोकडी पडते: डेसिबल ‘ए’ मापात 50 हर्ट्‌झचा आवाज सुमारे 30 डेसिबलने कमी धरला जातो. अंग थरारणे हीच भक्तीची खूण असेल, तर अँप्लिफायरइतका मोठा संत दुसरा नाही! शरीरावर होणारा परिणाम खरा आहे; त्यावरून स्वराचे पावित्र्य मात्र सिद्ध होत नाही.

मग खर्जाच्या या वेडात काहीच तथ्य नाही? आहे, पण ते वेगळ्या जागी आहे. मज्झिमनिकायातल्या ब्रह्मायुसुत्तात बुद्धाच्या वाणीचे आठ गुण सांगितले आहेत. ती स्पष्ट, समजण्याजोगी, मधुर आहे आणि गंभीरही आहे. पण त्याच वर्णनात पुढे म्हटले आहे की ती समोरच्या सभेपुरतीच पोहोचते, सभेबाहेर जात नाही. बाबासाहेबांच्या वाटेने बौद्ध झालेल्या कुटुंबांच्या या वस्तीत तरी हे वर्णन दूरचे वाटू नये. गांभीर्य आणि मर्यादा तिथे एकत्र सांगितली आहेत, आणि मंद्र सुषिर वाद्यात हा जोड निसर्गतःच येतो. स्वर एक सप्तक खाली न्यायचा तर नळी साधारण दुप्पट लांब हवी; काँट्राबसूनची नळी सुमारे साडेपाच मीटरची, म्हणून दुमडून ठेवावी लागते. बोटे ताणावी लागतात, श्वास जास्त लागतो, आणि एवढे करून बासरीचा खालचा स्वर हळुवारच निघतो. 1940 मध्ये मुंबईला आलेल्या पन्नालाल घोषांनी ख्यालासाठी सुमारे 32 इंचांची बासरी रुळवली. त्यांच्या सुराला गहिराई मिळाली ती वेळूची लांबी आणि दमसास यांतून. विजेच्या जोरावर ती मिळाली नव्हती.

यावर कोणी म्हणेल, हा दुर्मीळ वस्तूंचा हव्यास आहे, त्याला अध्यात्माचा मुलामा कशाला? हा आक्षेप निम्मा मान्य करायला हवा. दुर्मीळता हा गुण नव्हे. मोठे वाद्य महाग पडते आणि वाजवायला अवघड असते, म्हणून ते क्वचित दिसते, इतकेच. पण आपल्याकडे सनईचा सूर धरणारा दुर्मीळ नव्हता. लग्नात, देवळाच्या चौघड्यात मुख्य सनईवाला ताना घेतो आणि शेजारचा गाल फुगवून, श्वास न तोडता, एकच स्वर धरून बसतो. तो स्वर काही फार खर्जातला नसतो. तरीही चाल त्याच्यावर उभी असते, आणि बिदागी व वाहवा दुसऱ्याकडे जाते. मंद्रात जे मोलाचे आहे ते या माणसात पुरेपूर आहे: दुसऱ्याला जागा देणे आणि स्वतः न पसरणे. खर्जाच्या रसिकांनी काँट्राबसूनच्या लांबीची मापे सांगताना याचीही आठवण ठेवली, तर त्यांच्या दाव्याला वजन येईल. नाहीतर ते केवळ संग्राहक ठरतील.

बीडीडीतले रहिवासी आता 500 चौरस फुटांच्या घरांत जाऊ लागले आहेत. वरळीतल्या पहिल्या घरांच्या चाव्या ऑगस्ट 2025 मध्ये दिल्या गेल्या. भिंती नव्या असल्या तरी खर्ज त्यांतूनही जाईल. तेव्हा तिथल्या गणेशोत्सवाच्या आणि भीमजयंतीच्या मंडळांनी एक करून पाहावे: कार्यक्रमातली एक संध्याकाळ स्पीकर बंद ठेवून मोठ्या बासरीला किंवा सनई-सुराच्या जोडीला द्यावी, आणि श्रोत्यांनी ऐकू येईल इतके जवळ येऊन बसावे.